मदत हवी आहे: घरातली मंडळी स्मार्ट बल्ब भिंतीवरच्या बटणाने बंद करतात

नमस्कार. घरात ६ वाय-फाय बल्ब, २ स्मार्ट प्लग आणि बाथरूममध्ये बॅटरीवर चालणारा १ पीआयआर (हालचाल टिपणारा) सेन्सर आहे. बाकीची मंडळी सवयीने भिंतीवरचं बटण दाबतात, मग बल्ब अ‍ॅपमध्ये ऑफलाइन दिसतो आणि संध्याकाळी ७ला आपोआप लागायचा तो लागत नाही. दोन बल्ब मधूनच भराभर लुकलुकायला लागतात आणि पुन्हा जोडावे लागतात. बाथरूमचा दिवा आत माणूस असताना विझतो. एक प्लग गीझरला लावलाय, तो हाताला गरम लागतो. सगळ्यांच्या फोनवर अ‍ॅप टाकून दिलं, पण कुणी उघडत नाही. बटणांवर चिकटपट्टी लावली तर चालेल का? आणि बोर्डात न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) आहे का, हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद १

आधी गीझरचा प्लग काढा, आजच. २ किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपियर घेतो, ३ किलोवॅटचा १३. प्लग १० अँपियरचा असेल तर दुसरा त्याच्या क्षमतेबाहेरच गेला आणि पहिलाही काठावर. असा भार बराच वेळ सलग चालला की आतल्या रिलेचे (विजेने चालणाऱ्या छोट्या स्विचचे) संपर्क आणि सॉकेटच्या ढिल्या पिना तापतात, प्लास्टिक वितळतं. गीझर स्मार्ट करायचाच असेल तर योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज मिळाली की मोठा भार जोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या. स्मार्ट रिलेने फक्त त्या कॉन्टॅक्टरची कॉइल चालवायची.

प्रतिसाद २

चिकटपट्टी नको. अंधारात हात बटणाकडेच जातो आणि ते बटण चाललंच पाहिजे. पाहुण्यांना तर अ‍ॅप ठाऊकही नसतं. फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या तंत्रज्ञान-स्वीकाराच्या मॉडेलमध्ये दोन गोष्टी मुख्य आहेत: वस्तू उपयोगी वाटणं आणि वापरायला सोपी वाटणं. फोन उघडा, अ‍ॅप शोधा, खोली निवडा, मग दिवा लावा, हे सगळं एका खटक्यापुढे दोन्ही बाबतींत मागे पडतं. घरच्यांचा यात काही दोष नाही, मांडणी बदला.

लुकलुकणाऱ्या बल्बांचं कारणही बहुधा तेच बटण आहे. बऱ्याच वाय-फाय बल्बांना रीसेट करायची पद्धतच ३ ते ५ वेळा भराभर चालू-बंद करणं ही असते. कुणी खटखट केलं किंवा वीज लागोपाठ आली-गेली की बल्ब जोडणीच्या अवस्थेत जातो.

म्हणून रोजच्या वापराच्या खोल्यांत स्मार्ट बल्ब काढून साधे एलईडी लावा आणि बटणामागे रिले मॉड्यूल बसवा. मग बटण दाबा, अ‍ॅप वापरा किंवा वेळ लावून ठेवा, तिन्ही चालतं. अ‍ॅपमध्ये बटणाचा प्रकार ‘टॉगल’ किंवा ‘एज’ निवडा. मग बटण वर आहे की खाली याला अर्थ उरत नाही, प्रत्येक खटक्याला दिवा बदलतो. हे घरात आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी ‘बिघडलं’ म्हणून तक्रार येईल.

रंग किंवा मंद उजेड हवा असेल त्या एक-दोन ठिकाणीच स्मार्ट बल्ब ठेवा. तिथे सतत वीज मिळू द्या आणि बॅटरीचं वायरलेस बटण जुन्या बटणाच्या जागीच चिकटवा. बल्बच्या सेटिंगमध्ये ‘वीज परत आल्यावर’ हा पर्याय शोधून ‘आधीची स्थिती’ करा. नाहीतर मध्यरात्री वीज आली की सगळे दिवे पूर्ण उजेडात लागतात.

प्रतिसाद ३

बाथरूमचं: पीआयआरला हालचाल कळते, उपस्थिती कळत नाही. शिवाय बॅटरीचे अनेक सेन्सर एकदा संकेत दिला की बॅटरी वाचवायला मिनिटभर गप्प राहतात. दिवा विझण्याची मुदत १ मिनिट असेल तर तो विझणारच. ती १० मिनिटं करा. त्याहून चांगलं म्हणजे दाराला चुंबकाचा सेन्सर जोडा: दार बंद झाल्यावर आत हालचाल दिसली तर पुन्हा दार उघडेपर्यंत दिवा विझवायचा नाही. मिलिमीटर-वेव्ह रडार सेन्सर स्थिर बसलेला माणूसही ओळखतो, पण पंखा आणि हलणारा पडदाही त्याला माणूस वाटू शकतो. संवेदनशीलता कमी करून अंतराची मर्यादा घालावी लागते.

बल्ब पुन्हा जोडताना अडलं तर राउटर बघा. असे बहुतेक बल्ब फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वाय-फायची फक्त डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा निवडलेली असेल तरी जुनी उपकरणं अडतात, डब्ल्यूपीए२ चालू ठेवा.

धागाकर्ती

गीझरचा प्लग काढला. रिले मॉड्यूलवर एस१, एस२, एल इन, एल आउट, एन अशा खुणा आहेत. एन कुठून घ्यायचा?

प्रतिसाद २

ज्या बोर्डात सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतोच. खात्री मल्टिमीटरने करा: फेज (वीज आणणारी तार) आणि त्या तारेत पूर्ण व्होल्टेज दिसलं पाहिजे. अर्थिंगची तारही असंच दाखवते, म्हणून तार सॉकेटच्या कोणत्या टोकाला आहे ते बघूनच ठरवा. नुसत्या टेस्टरवर विसंबू नका. मोजणी झाली की एमसीबी (त्या सर्किटचा मुख्य खटका) बंद करा, तारा मृत आहेत हे पुन्हा तपासा, मगच हात घाला.

बटणावर आलेला फेज काढून ‘एल इन’ला. बटणातून दिव्याकडे जाणारी तार ‘एल आउट’ला. न्यूट्रल ‘एन’ला. आता बटण मोकळं झालं, त्याच्या दोन टोकांवरून दोन छोट्या तारा एस१ आणि एस२ला. अशा खुणांच्या मॉड्यूलमध्ये एस टोकांना फेज द्यायचा नसतो, दिला तर मॉड्यूल जळतं. काही कंपन्यांची जोडणी उलट असते, तेव्हा सोबतची आकृती बघाच. न्यूट्रल त्याच सर्किटचा हवा. दुसऱ्या सर्किटचा उसना घेतला तर आरसीसीबी (विजेची गळती दिसताच वीज तोडणारा खटका) पडू शकतो.

सॉकेट नसलेल्या बोर्डात तारा वाढवत बसू नका. ‘विना-न्यूट्रल’ स्विच मिळतात, पण ते दिव्यातूनच थोडा प्रवाह घेतात, त्यामुळे कमी वॅटचा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो. मग दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर लावावा लागतो. तिथे स्मार्ट बल्ब आणि वायरलेस बटण हाच सोपा मार्ग.

पंख्याचं बटण मात्र दिव्याच्या डिमरवर कधीच जोडू नका. मोटर गुणगुणते, तापते.

धागाकर्ती

सॉकेटच्या बोर्डात २२८ व्होल्ट दिसले. इलेक्ट्रिशियनला बोलावून आधी बैठकीच्या खोलीत एकच मॉड्यूल बसवून घेते.

प्रतिसाद ३

बोर्डाची खोली आधी मोजून घ्या. मॉड्यूल साधारण दीड ते दोन सेंटीमीटर जाड असतं, त्यात तारांची वळणं आली. बॉक्स धातूचा असेल तर वाय-फायचा सिग्नल घटतो, बोर्ड बंद करण्याआधी अ‍ॅपमध्ये सिग्नलची ताकद बघा.