दुसऱ्या पाण्याचा चहा: चव की नुसता चोथा?

कोराचहा
मी अख्ख्या पानांचा चहा किटलीत करते. पहिला कप गाळून झाला की तीच पानं तशीच ठेवते आणि पंधरा-वीस मिनिटांत त्यांच्यावर पुन्हा गरम पाणी ओतते. दुसऱ्या पाण्याचा कप मला जास्त आवडतो. तुरटपणा उतरलेला असतो आणि मागे गोडसर चव राहते. काल घरी आलेल्या मैत्रिणीने हे पाहिलं आणि म्हणाली, "चोथ्याचा चहा पितेस?" मला ते लागलं. हा कंजूषपणा नाही हो. ऊलाँग किंवा पु-अर हा चिनी चहा तर असाच प्यायचा असतो: पानं भरपूर, पाणी थोडं, दर वेळी काही सेकंदच, आणि असं पाच-सात वेळा. गोळीसारखं वळलेलं ऊलाँगचं पान पहिल्या पाण्यानंतर चिमटीत धरून बघा. अर्धंच उलगडलेलं असतं, देठाकडची घडी तशीच घट्ट. ते टाकून द्यायचं?

गाळणी
पटलं नाही. बहुतेक घरांत असते ती सीटीसी पावडर, नाहीतर टी-बॅग. सीटीसी म्हणजे पान चिरडून, फाडून, वळून केलेले दाणे. ही पद्धत १९३० च्या सुमारास आसामात निघाली. रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, हाच तिचा गुण. बॅगेत तर त्याहून बारीक चुरा. दाणा जितका बारीक तितकं पाणी त्याला सगळीकडून भिडतं, आणि चार-पाच मिनिटांत तो रिकामा होतो. वापरलेली बॅग मी दुसऱ्या कपात पाच मिनिटं ठेवून पाहिली आहे. पाणी गढूळ पिवळं, वास ओल्या कागदाचा. चमच्याने दाबली तेव्हा कडवटपणा तेवढा आला. सुगंध पहिल्या कपाच्या वाफेबरोबरच गेलेला असतो, तो परत कुठून आणणार?

आणि काळ्या चहाच्या आयएसओ ३७२० या आंतरराष्ट्रीय मानकात पाण्यात उतरणारा अंश किमान ३२ टक्के असावा लागतो. वापरून वाळवलेली पत्ती त्यात नापास होते. मग तिला चहा का म्हणायचं?

कोराचहा
ते मानक विक्रीच्या मालासाठी आहे. वापरलेली पत्ती नवी म्हणून कुणाच्या गळ्यात मारली तर ती फसवणूकच. पण माझ्या किटलीत काय आहे ते मला ठाऊक आहे. बॅगेचं मात्र तुमचं खरं. तिथे मी भांडणार नाही.

आधण
चवीचं तुम्ही बघा, मला काळजी वेगळीच आहे. दुधात उकळलेला चोथा पुन्हा वापरूच नका. त्यात दूध आणि साखर मुरलेली असते, उबदार हवेत तो काही तासांत आंबतो. नुसत्या पाण्यातली पानंसुद्धा रात्रभर ओली ठेवून सकाळी वापरू नयेत. ओलं पान आणि ऊब म्हटल्यावर बुरशीला आणखी काय हवं? आमच्याकडे झाकण लावून विसरलेली किटली दोन दिवसांनी उघडली तर आत पांढरी लव आली होती. उकळत्या पाण्याने सगळं मरतं, या भरवशावर राहू नका.

पानोपानी
एक गैरसमज इथेच खोडते. दुसऱ्या पाण्यात कॅफीन राहत नाही असं सर्रास सांगतात. कमी असतं, पण असतं. तीस सेकंदांचं पहिलं पाणी ओतून दिलं तरी बरंचसं पानातच राहतं, ते उतरायला काही मिनिटं लागतात. मी या समजुतीवर महिनाभर रात्री दुसरं पाणी प्यायले आणि दोन-दोन वाजेपर्यंत जागी राहिले. बंद केलं तेव्हा झोप आली.

गाळणी
मग सरळ उपाय सांगतो. पहिल्याच वेळी पानं निम्मी घाला, एक नीट कप करा आणि चोथा कुंडीच्या मातीत मिसळा. नासाडी नाही, बुरशीची भीती नाही.

कोराचहा
आज तसं करून पाहिलं. निम्मी पानं, तेवढंच पाणी, तेवढाच वेळ. कप पातळ झाला, आणि तुरटपणा होता तो होताच. दुसऱ्या पाण्याचा कप हलका असतो, पण तुरट नसतो. पहिल्या पाण्याने तो तुरटपणा आधीच नेलेला असतो. निम्म्या पानांतून ते मिळालं नाही. रात्रीची पानं मात्र आजपासून बंद, आधण यांचं ऐकलं.