सीएनसीचे कंट्रोल पॅनेल: पूर्ण बंद ठेवून थंड करावे, की गाळलेल्या हवेवर चालवावे?

शिरोलीकर
कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल या औद्योगिक वसाहतींत बिडाच्या कास्टिंगचे मशीनिंग मोठ्या प्रमाणावर चालते, आणि एप्रिल-मे आला की बऱ्याच व्हीएमसींच्या (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी, म्हणजे संगणक-नियंत्रित, मशीनच्या) मागे पॅनेलचे दार सताड उघडे आणि त्यासमोर पेडेस्टल पंखा असे दृश्य हमखास दिसते. त्याने ड्राइव्हचा (मोटरला वीज पुरवून तिचा वेग सांभाळणाऱ्या उपकरणाचा) ओव्हरहीट अलार्म थांबतो हे खरे. परंतु बिडाच्या चुऱ्यात लोखंडाबरोबर ग्रॅफाइटही असते आणि दोन्ही वीजवाहक आहेत. 415 व्होल्टचा थ्री-फेज पुरवठा रेक्टिफाय झाल्यावर ड्राइव्हमधल्या डीसी बसवर (एकदिश विजेच्या पट्ट्यांवर) सुमारे 585 व्होल्ट उभे राहतात. त्या टर्मिनलांच्या मधोमध ही भुकटी बसली आणि पावसाळ्यात तिने ओल धरली, की उन्हाळ्यात वाचवलेला ड्राइव्ह जूनमध्ये जातो. म्हणून माझे मत असे, की पॅनेल किमान आयपी54 दर्जाचे (धूळ आणि पाण्याचे शिंतोडे रोखणारे) बंद असावे, उष्णता पॅनेल एसीने काढावी आणि बाहेरची हवा आत येऊच देऊ नये.

भोसरीचा जॉबवर्कवाला
आपले निदान मान्य आहे, औषध मान्य नाही. आमच्यासारख्या दोन-तीन मशीनच्या शेडमध्ये पॅनेल एसी बसवायचा खर्च एक वेळ काढता येतो, पण तो सांभाळायला माणूस नसतो. कूलंटच्या तेलकट धुक्याने कंडेन्सरच्या पात्यांवर चिकट थर बसतो आणि एसी नुसताच गुरगुरत राहतो. छतावर बसवलेल्या एसीची ड्रेनची नळी तुंबली, तर पाणी थेट खालच्या ड्राइव्हवर ठिबकते. त्यापेक्षा खालून फिल्टरमधून हवा आत ढकलणारा पंखा आणि वर साधी जाळीची वाट ठेवावी. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहिला, की धूळ फटींतून आत शिरत नाही. बहुतेक ठिकाणी नेमके उलटे केलेले असते: पंखा वर बसवून हवा बाहेर ओढतात, त्यामुळे केबल ग्लँडपासून दाराच्या गास्केटपर्यंत प्रत्येक फट धूळ आत घेते, आणि मग दोष पंख्याला दिला जातो.

ड्राइव्हदुरुस्ती
पंख्याच्या दिशेबद्दल आपले म्हणणे रास्त आहे, पण थोडे गणितही करू. 11 किलोवॅटचा स्पिंडल ड्राइव्ह (हत्यार फिरवणाऱ्या मुख्य मोटरचा) पूर्ण भारावर साधारण चार टक्के उष्णतेत घालवतो, म्हणजे सुमारे 440 वॅट. सर्व्हो (अक्ष हलवणाऱ्या मोटरींचे ड्राइव्ह) आणि पॉवर सप्लाय धरून 500 वॅटचा हिशेब ठेवा. पत्र्याचे पॅनेल दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला साधारण साडेपाच वॅट बाहेर सोडते. चार चौरस मीटरच्या पॅनेलमध्ये शेडचे तापमान 40 आणि आतली मर्यादा 45 अंश धरली, तर पत्र्यातून जेमतेम 110 वॅट जातील. उरलेल्या 390 वॅटसाठी फिल्टरमधून ताशी सुमारे 240 घनमीटर हवा लागेल, आणि फिल्टर अर्धा भरला की त्या पंख्याकडून तेवढी मिळणार नाही. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य दर दहा अंश वाढीला साधारण निम्मे होते, हेही येथे लक्षात घ्यावे. मी शिरोलीकरांच्या बाजूचा आहे. मात्र एसी 22 अंशांवर लावणाऱ्यांना मी हात जोडतो. तो 35 वर ठेवा, म्हणजे पावसाळ्यात दार उघडल्यावर कार्डांवर दव जमणार नाही.

राउटरवाला
आमच्याकडे लाकूडकामाच्या सीएनसी राउटरवर एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्यांची) धूळ असते. ती वीजवाहक नाही, पण हीटसिंकच्या (ड्राइव्हची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या भागाच्या) पात्यांमध्ये नमद्यासारखी दाटून बसते. एकाने कॉम्प्रेस्ड एअरवर चालणारा व्होर्टेक्स कूलर (दाबाची हवा नळीत गरगर फिरवून गार हवा वेगळी काढणारे साधन) सुचवला होता. पॅनेल बंद राहते, दाबही टिकतो, फिरणारा भाग एकही नाही. हा मधला मार्ग का नसावा?

ड्राइव्हदुरुस्ती
कारण सुमारे 700 वॅट उष्णता काढण्यासाठी तो 35 सीएफएमच्या (मिनिटाला घनफूट) आसपास हवा खातो, म्हणजे आठ-नऊ अश्वशक्तीचा कॉम्प्रेसर केवळ त्याच्यासाठी चालवावा लागेल. शिवाय ड्रायर आणि तेलाचा फिल्टर नसेल, तर ओलसर, तेलकट हवा आपण स्वतःच्या हाताने पॅनेलमध्ये सोडत असतो.

भोसरीचा जॉबवर्कवाला
आपल्या गणितात एक गोष्ट राहिली. ड्राइव्हची बहुतेक उष्णता हीटसिंकमधून निघते. पाती पॅनेलच्या मागच्या भिंतीबाहेर येतील अशा रीतीने ड्राइव्ह बसवण्याची सोय अनेक उत्पादक देतात. तसे केले, की आत दीडेकशे वॅट उरतात, आणि तेवढ्यासाठी बंद पॅनेलला एसीची गरज पडत नाही. आत हवा फिरवणारा एक लहान पंखा आणि साधा हीट एक्स्चेंजर पुरतो.

शिरोलीकर
नव्या मशीनला हे उत्तम आहे, हे मी मान्य करतो. परंतु जुन्या व्हीएमसीचा पत्रा कापून ड्राइव्ह मागे सरकवताना गास्केटची जागा खराब झाली, तर आयपी54 कागदावरच उरते. आणि बिडाच्या शेडमध्ये बाहेर आलेली ती पाती नियमित साफ करायचा प्रश्न पुन्हा आपल्याच माथी येतो. तेथे मी अजूनही एसीच बसवीन, आतल्या तापमानाचा थर्मोस्टॅट पीएलसीच्या (मशीनच्या नियंत्रक संगणकाच्या) इनपुटला जोडीन, आणि 45 अंशांना पडद्यावर अलार्म येईल असे करीन, म्हणजे दार उघडून पंखा लावण्याआधी ऑपरेटरला निदान कंडेन्सर धुण्याची आठवण होईल.