बेपत्ता वडिलांच्या नावावरचा सातबारा

प्रश्न: आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. वडील 2014 मध्ये कापूस विकायला म्हणून घरून निघाले, ते परतलेच नाहीत. हरवल्याच्या तक्रारीची पुसट कार्बन प्रत आईने पासबुकात जपून ठेवली आहे. मृत्यूच्या दाखल्याशिवाय तलाठी वारसनोंद घेत नाहीत. काय करावे?

उत्तर 1: ज्यांना खबर मिळायला हवी होती, त्यांनाच सात वर्षे ती मिळाली नसेल, तर ती व्यक्ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर येतो, असे भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 चे कलम 111 (जुन्या कायद्यातील 108) सांगते. त्याआधारे दिवाणी न्यायालयात घोषणेचा दावा (वडील मृत समजावेत असे न्यायालयाने जाहीर करावे, असा) दाखल करावा. हुकूमनामा मिळाल्यावर मृत्यूनोंद आणि नंतर फेरफार. ती कार्बन प्रत कृपया लॅमिनेट करू नका.

उत्तर 2: एक भर घालतो. या कलमाने मृत्यू गृहीत धरला जातो, मृत्यूची तारीख नव्हे. विमा असल्यास हा मुद्दा हमखास अडतो.

उत्तर 3: दावा आईंच्या नावे करावा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 च्या कलम 12 नुसार महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज द्यावा.

प्रश्नकर्ता: आई सही करत नाही, अंगठा देते. चालेल का?

उत्तर 3: चालतो. मजकूर त्यांना वाचून दाखवल्याची नोंद मात्र खाली हवी.