मदत हवी आहे: एनबीएच्या ट्रेडमध्ये स्कोअररचा भाव नेमका कशावर ठरतो?

पहाटेचा_प्रेक्षक

नमस्कार मंडळी. आम्ही काही मित्र ऑफिसच्या आधी सकाळी एनबीएचे (उत्तर अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचे) सामने बघतो आणि हंगाम संपला की कागदावर संघ चालवतो. एकेकाकडे एकेक संघ, करार खरे, नियम खरे, आणि ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) मंजूर व्हायचा तो ग्रुपच्या मतदानाने. २०२५-२६ साठी माझ्या वाट्याला सॅक्रामेंटो आला. झॅक लाविन, डीमार डेरोझन, मलिक मंक, डोमांटस सबोनिस. पॉइंट काढणारे हवे तेवढे, डिफेन्सच्या नावाने शिमगा. म्हणून लाविन विकायला काढला आणि पहिल्या फेरीची दोन पिक्स (ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, खेळाडू घेण्याचे हक्क) मागितली. ग्रुपवर नुसते हसण्याचे इमोजी!

मत कोणी बदलणार नाही हे माहीत आहे. निदान हसले का, ते तरी कळावं. कारण मी पाहिलेले आकडे असे आहेत:

जून २०२५ मध्ये ऑर्लँडोने डेझमंड बेनसाठी मेम्फिसला पहिल्या फेरीची चार पिक्स, एक स्वॅप (पिक अदलाबदल करून घेण्याचा हक्क), वर केंटेव्हियस कॉल्डवेल-पोप आणि कोल अँथनी दिले. बेनची सरासरी सामन्याला १९.२ पॉइंट. त्याआधीच्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क निक्सने मिकल ब्रिजेससाठी ब्रुकलिनला पहिल्या फेरीची पाच पिक्स दिली. त्याची सरासरी १९.६, आणि ऑल-स्टार सामन्यासाठी निवड एकदाही नाही. लाविन मात्र फेब्रुवारी २०२५ मध्ये शिकागोहून निघाला तेव्हा २४ च्या सरासरीने खेळत होता. शिकागोला काय मिळालं? झॅक कॉलिन्स, ट्रे जोन्स, केव्हिन हर्टर आणि स्वतःचंच २०२५ चं पिक परत. तेही सॅन अँटोनियोकडून, जे शिकागोने २०२१ मध्ये डेरोझनला आणताना दिलं होतं.

'पॉइंट बघू नकोस, किती प्रयत्नांत काढले ते बघ' हे उत्तर मला पाठ आहे. ट्रू शूटिंग (प्रयत्नांच्या मानाने पॉइंट किती) काढता येतं: पॉइंटला दुपटीने भागायचं, कशाच्या, तर फील्ड गोलचे (खेळ चालू असतानाच्या शॉटचे) प्रयत्न अधिक फ्री थ्रोच्या प्रयत्नांच्या ०.४४ पट. म्हणजे २० शॉट आणि ४ फ्री थ्रो घेऊन २० पॉइंट काढणारा ४६ टक्क्यांवर येतो, १३ शॉट आणि ५ फ्री थ्रोमध्ये तेच २० काढणारा जवळपास ६६ वर. लीगची सरासरी ५७-५८ च्या आसपास असते. पण या परीक्षेत लाविन नापास होतच नाही! त्या हंगामात त्याचा थ्रीचा (तीन पॉइंटच्या लांबच्या शॉटचा) नेम ४४ टक्क्यांच्या वर होता. मग अडलं कुठे? वय ३० म्हणून? गुडघा? डिफेन्स? की मी भलतंच काहीतरी मोजतोय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

डावा_कोपरा

तुम्ही खेळाडू मोजताय. ट्रेड कराराचा होतो.

लाविनला २०२५-२६ मध्ये ४.७ कोटी डॉलरच्या वर मिळणार. त्या हंगामाची सॅलरी कॅप (एका संघाच्या एकूण पगाराची मर्यादा) १५.४६ कोटी. म्हणजे कॅपचा तीस टक्क्यांहून मोठा घास एकट्याचा. २०२६-२७ साठी सुमारे ४.९ कोटींवर करार चालू ठेवायचा की नाही हा पर्याय त्याच्या हातात, संघाच्या नाही. आज तो करारातून मोकळा असता तर इतके पैसे कोणी दिले असते का? नसते, तर जेवढा फरक तेवढं त्याच्या भावातून वजा.

याहून स्वच्छ उदाहरण जुलै २०२५ चं आहे. डेन्व्हरचा मायकेल पोर्टर ज्युनियर १८.२ च्या सरासरीचा, ब्रुकलिनचा कॅम जॉन्सन १८.८ चा. दोघेही उंच, दोघेही शूटर, वयही साधारण तेच. पोर्टरचा पगार सुमारे ३.८ कोटी, जॉन्सनचा सुमारे २.१ कोटी. अदलाबदल झाली तेव्हा डेन्व्हरला पोर्टरसोबत २०३२ चं अनप्रोटेक्टेड (कितीही वरच्या क्रमांकावर आलं तरी द्यायचंच, प्रोटेक्टेडसारखं राखता येत नाही असं) पिकही द्यावं लागलं. पॉइंट सारखेच, आणि तरी एकाला घरातून काढायला पदरचं घालावं लागलं. हा ट्रेड तुमच्या ग्रुपवर टाका.

पहाटेचा_प्रेक्षक

धन्यवाद, पोर्टरचं उदाहरण पटलं. पण बेनही स्वस्त नाही ना? २०२५-२६ मध्ये ३.६७ कोटी, आणि करार २०२९ पर्यंत, दरवर्षी वाढणारा. तुमच्या हिशोबाने त्याच्यावरही पदरचं घालायला हवं होतं. इथे तर ऑर्लँडोने चार पिक्स मोजली.

मधली_फळी

कारण भाव गिऱ्हाईक ठरवतो. ऑर्लँडो २०२४-२५ मध्ये थ्रीच्या टक्केवारीत लीगमध्ये शेवटचा होता आणि डिफेन्समध्ये अगदी वरचा. चेंडू हातात ठेवणारे दोघे त्यांच्याकडे आधीच होते, पाओलो बँकेरो आणि फ्रान्झ वॅग्नर. त्यांना हवा होता तो चेंडू हातात नसतानाही धोकादायक वाटणारा माणूस. बेनचा थ्रीचा नेम कारकिर्दीत ४० टक्क्यांहून जास्त आहे, उभ्याउभ्या पास घेऊन टाकतो, सहकाऱ्यांच्या आडोशाने फिरून मोकळा होतो, आणि अंगाने भक्कम असल्याने समोरचा संघ शोधून शोधून त्याच्यावर खेळ आणत नाही.

माझ्या मते स्कोअररची खरी परीक्षा ही आहे: त्याच्या हातातले निम्मे चेंडू काढून दुसऱ्याला दिले तर त्याच्याजवळ काय उरतं? कमकुवत संघात कोणीतरी २० काढणारच, शॉट कोणाला तरी घ्यावेच लागतात. जॉर्डन पूलने गोल्डन स्टेटकडून २०२२-२३ मध्ये २०.४ ची सरासरी राखली, आणि त्याच उन्हाळ्यात संघाने त्याला वॉशिंग्टनला दिलं, सोबत पहिल्या फेरीचं एक प्रोटेक्टेड पिक जोडून. बदल्यात आला ३८ वर्षांचा ख्रिस पॉल. ब्रिजेसचं उलट. फीनिक्समध्ये तो तिसरा-चौथा पर्याय म्हणून खेळला, ब्रुकलिनमध्ये पहिला, आणि दोन्हीकडे रोज खेळला. एकही सामना न चुकवणारा विंग (बाजूने खेळणारा), तोही जेमतेम २.३ कोटींत! तिथे पॉइंट हा बोनस होता.

लाविन चेंडूशिवायही चांगला आहे, हे मी मान्य करतो. पण प्लेऑफमध्ये (बाद फेरीत) समोरचा संघ कमकुवत डिफेंडर हेरून प्रत्येक वेळी त्याच्यावरच खेळ आणतो, आणि लाविनच्या खात्यात प्लेऑफची मालिका एकच, २०२२ ची, मिलवॉकीविरुद्धची. त्यामुळे मोठी पिक्स देऊ शकणारे संघ त्याच्याकडे फिरकत नाहीत. जे फिरकतात त्यांच्याकडे पिक्स द्यायची हिंमत नसते.

वऱ्हाडी_डंक

मंडळी, विकणाऱ्याची अडचण कोणीच मोजत नाही राव. केव्हिन ड्युरांटच घ्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये फीनिक्सने त्याच्यासाठी ब्रिजेस, कॅम जॉन्सन, चार अनप्रोटेक्टेड पिक्स आणि एक स्वॅप दिला. २०२५ मध्ये तोच ड्युरांट, सरासरी २६.६, थ्री ४३ टक्के, आणि ह्यूस्टनकडून आले जेलन ग्रीन, डिलन ब्रूक्स, ड्राफ्टचं दहावं पिक आणि दुसऱ्या फेरीची पाच. खेळ घसरला नव्हता. वय ३६ झालं होतं, कराराचं एकच वर्ष उरलं होतं आणि फीनिक्सला त्याला विकायचंय हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

ब्रॅडली बीलची गोष्ट तर त्याहून न्यारी. करारात नो-ट्रेड कलम, म्हणजे कुठे जायचं ते तोच ठरवणार. २०२३ मध्ये वॉशिंग्टनला पहिल्या फेरीचं एकही थेट पिक मिळालं नाही, नुसते स्वॅप आणि दुसऱ्या फेरीची पिक्स. पुढे फीनिक्सलाही तो कोणाच्या गळ्यात मारता येईना. शेवटी २०२५ मध्ये करार मोडला आणि आता पाच वर्षं दरवर्षी सुमारे १.९ कोटी डॉलर त्यांच्या पगारपत्रकावर बसलेत. २३ च्या सरासरीचा माणूस आणला होता म्हणे.

डावा_कोपरा

+१. त्यात २०२३ चे नवे नियम. दुसऱ्या एप्रनच्या, म्हणजे एकूण पगाराच्या सगळ्यात वरच्या रेषेच्या, वर असलेल्या संघाला (२०२५-२६ साठी ही रेषा २०.७८ कोटी) दोन-तीन पगार एकत्र करून एक मोठा पगार घेताच येत नाही, आणि दिला त्याहून जास्त पगार परत घेता येत नाही. म्हणजे लाविन हवा तर त्याच्याएवढा किंवा त्याहून मोठा एकच पगार द्यायचा. असे खेळाडू किती, आणि त्यातले कोण लाविनसाठी सोडणार? आयपीएलमध्ये २०२३ ला हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईला सरळ पैशांत आला. इथे ती सोय नाही, कॅपखाली जागा नसेल तर पगाराला पगार जुळवावाच लागतो.

आणि पिक्स नुसती मोजू नका. निक्ससारख्या जिंकत्या संघाचं पुढच्या वर्षीचं पिक पंचविसाव्या क्रमांकाच्या आसपास पडतं. ब्रुकलिनचा डोळा २०२९ आणि २०३१ च्या पिक्सवर. तोवर आजचा संघ टिकतो कशाला?

पहाटेचा_प्रेक्षक

आता चित्र बरंच स्पष्ट झालं. म्हणजे क्रम असा लावू का: आधी करार, मग कोणाला गरज आहे आणि तो पगार जुळवू शकतो का, मग डिफेन्स आणि चेंडूशिवायचा खेळ, आणि पॉइंट सगळ्यात शेवटी? आणि मग लाविनसाठी मागू तरी काय?

मधली_फळी

पॉइंट शेवटी नको, पॉइंटमुळेच तर फोन येतो. बाकी क्रम ठीक.

लाविनसाठी आत्ता काहीच मागू नका. जानेवारीपर्यंत थांबा. कोणाचा तरी गार्ड जखमी होईल, त्याच्याकडे एखादा मोठा, संपत आलेला करार असेल. तो करार, एक तरुण डिफेंडर आणि दुसऱ्या फेरीची पिक्स मिळाली तरी हो म्हणा. पहिल्या फेरीचं पिक मिळालंच तर ते भरपूर प्रोटेक्शन लावलेलं असेल.

वऱ्हाडी_डंक

आधी डेरोझन विका. वय ३६, पण पगार सुमारे २.५ कोटी आणि २०२६-२७ ची हमी फक्त १ कोटीची. लाविनच्या अर्ध्या पगाराचा माणूस जुळवायला कुठलाही संघ तयार होतो.

पहाटेचा_प्रेक्षक

हे डोक्यातच आलं नव्हतं. पण डेरोझनला थ्रीचं वावडं, त्याला शूटर नसलेला संघ घेईल का? कोणाच्या डोळ्यासमोर एखादा संघ आहे का, ज्याच्याकडे २.५ कोटींच्या आसपासचा एकच पगार मोकळा आहे?