मदत हवी आहे: जुन्या इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप, ना नाव ना गाव

नमस्कार मंडळी,

माझे थोरले काका सत्तरच्या दशकात सोलापुरात ऑर्केस्ट्रात वाजवायचे. गणपतीतले कार्यक्रम, लग्नं, गड्डा यात्रेच्या दिवसांतली एखादी सुपारी, असं सगळं. त्यांच्या गिटारचं लाकूड वाळवीनं कधीच संपवलं. उरलाय तो एक पिकअप (तारांखाली बसतो, त्यांची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलून ॲम्पला देतो), बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, शिलाई मशीनच्या सुट्या भागांत पडलेला. काका आता नाहीत. काकूंना विचारलं तर "कलकत्त्याहून आणली होती, का मुंबईहून, पण भारी होती" इतकंच.

जे दिसतंय ते लिहितो. एकच कॉइल आहे, त्यातून आरपार गेलेले सहा गोल चुंबक आहेत आणि सहाही एकाच उंचीचे. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत, मध्यापासून मध्यापर्यंत ५० मिमी भरतात. वरच्या झाकणाचा क्रोम कोपऱ्यांवर उडालाय, खालून पितळ डोकावतंय. कॉइलच्या वर-खाली तपकिरी, पुठ्ठ्यासारख्या दिसणाऱ्या पण टणक पट्ट्या आहेत. तार गडद तपकिरी, केसापेक्षा बारीक. बाहेर येणाऱ्या दोन वायरींवर कापडी आवरण आहे. कुठेही शिक्का, नंबर, स्टिकर नाही. बसवायचे दोन स्क्रू जागेवर आहेत, जाडी व्हर्नियरवर २.८ मिमी. एम ३ चा, म्हणजे ३ मिमीचा मेट्रिक नट त्यावर चढतो, पण ढिला राहतो.

मल्टिमीटरवर ६.९ किलोओहम येतात, म्हणजे कॉइल तुटलेली नाही. ॲम्पला जोडून स्क्रूड्रायव्हरनं चुंबकावर टकटक केलं की आवाज येतो, गुणगुणही भरपूर आहे.

आता मतांचा पाऊस. नवी पेठेत भेटलेला एक जण छातीठोकपणे म्हणाला, "फेंडर आहे, अमेरिकन कंपनी, लाखभर येतील." एका मित्राच्या मते हा टेस्को या जपानी कंपनीचा. आणि पूर्व भागातले आमचे ओळखीचे रिवाइंडिंगवाले, ज्यांचा जन्म यंत्रमागाच्या मोटारी भरण्यात गेला, ते म्हणतात, "कशाला डोकं लावताय, जुनी तार काढतो, ४२ नंबरची नवीन भरून देतो."

हा नेमका कुठला, आणि रिवाइंड करावा का?

प्रतिसाद

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: अजिबात नाही! चालू कॉइल कुणी उकलतं का? शिवाय ४२ नंबरात मोठा घोळ आहे. पिकअपची ४२ नंबरची तार अमेरिकन गेजची, जाडी साधारण ०.०६३ मिमी. आपल्याकडचे मोटार भरणारे ब्रिटिश एसडब्ल्यूजी गेज बोलतात आणि त्यात ४२ म्हणजे ०.१ मिमी. तेवढ्या जाड तारेचे पुरेसे वेढे त्या बॉबिनवर मावणारच नाहीत. एसडब्ल्यूजीत जवळचा नंबर ४६ आहे. तुमचे रिवाइंडिंगवाले कितीही हुशार असोत, ती तार हातानं ओढताना तुटते.

रीडिंग कधी घेतलंत? मे महिन्यात दुपारी घेतलं असेल तर त्यातून थोडं वजा करा. तांब्याचा रोध एका अंशाला जवळजवळ ०.४ टक्के वाढतो. २५ अंशांना ६.५ दाखवणारी कॉइल सोलापूरच्या ४२ अंशांत ६.९ दाखवते. नेटवर दिलेले आकडे थंड, एसी खोलीतले असतात.

फेंडर मला वाटत नाही. त्यांच्या स्ट्रॅटमध्ये (स्ट्रॅटोकास्टर गिटार) पहिल्या ते सहाव्या चुंबकाचं अंतर साधारण ५२ मिमी असतं, आणि १९५४ पासूनच्या जुन्या स्ट्रॅटमध्ये चुंबक कमीजास्त उंचीचे असत. त्या काळी तिसरी तारसुद्धा गुंडाळलेली असायची, तिचा आवाज दबू नये म्हणून तिथला चुंबक उंच. टेस्कोचं म्हणाल तर लोक ज्यासाठी वेडे होतात तो गोल्ड फॉइल. त्याच्या झाकणाच्या खिडकीतून सोनेरी फॉइल दिसतं. अमेरिकन गिटारवादक राय कूडरनं तो आपल्या स्ट्रॅटला लावला आणि भाव चढले. तुमच्याकडे तो नाही. बाकी ६०च्या दशकात जपानमध्ये शंभर तऱ्हेचे पिकअप निघाले, त्यामुळे जपानी नाहीच असं छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

प्रतिसाद

मी रेडिओ दुरुस्तीतला माणूस, गिटार येत नाही. पण २.८ मिमीचा स्क्रू वाचून कान टवकारले. ६ बीए बघा. ब्रिटिश मापाचा हा स्क्रू आपल्याकडच्या जुन्या रेडिओंत आणि मीटरांत पोत्यानं सापडतो. अमेरिकन मालात ६-३२ जास्त दिसेल, तो ३.५ मिमीचा असतो. जर्मन किंवा जपानी माल मेट्रिक. जुन्या रेडिओवाल्याकडून एक ६ बीएचा नट आणा आणि फिरवा. गच्च आणि सरळ बसला तर पिकअप विलायतेचा किंवा आपल्याच देशातला.

तपकिरी पट्टी इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते ती हायलम (राळेत भिजवून दाबलेला टणक पत्रा) असावी. कडेला काडीभर कानस मारून वास घ्या. फिनाइलसारखा उग्र वास आला तर हायलमच. हे एका खालच्या कोपऱ्यात करा, दर्शनी बाजूला नको.

प्रतिसाद

दादा, सगळे कंपनी शोधताय, पण वाद्य कोणतं ते कुणी विचारलं का? ऑर्केस्ट्रातली गिटार म्हणजे गळ्यात अडकवलेलीच, असं नसायचं. त्या काळात हवाइयन गिटारची चलती होती. व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांच्या हिंदी गाण्यांच्या तबकड्या घरोघरी वाजत. ती गिटार मांडीवर आडवी ठेवून लोखंडी बार सरकवत वाजवतात. तारा सगळ्या एका पातळीत, म्हणून चुंबकही सपाट. नुसत्या सपाट चुंबकांवरून निकाल देऊ नका, साध्या गिटारचेही असतात. काकांचा एखादा फोटो बघा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. सात रस्त्याजवळच्या एका रेडिओवाल्यानं डबा उपसून ६ बीएचा नट दिला, पैसे घेतले नाहीत. आटा शेवटपर्यंत मलईसारखा गेला. कानशीचा वासही अगदी फिनाइलचा.

आणि फोटो मिळाला! एका लग्नाच्या अल्बममध्ये काका खुर्चीवर बसलेत, गिटार मांडीवर आडवी, उजव्या हाताजवळ चमकणारं झाकण. काकूंना दाखवला तर म्हणतात, "मग, तेच तर सांगत होते, स्लाइडची गिटार." त्यांनी सांगितलं नव्हतं, पण काकूंशी कोण वाद घालणार.

म्हणजे बहुधा भारतीय बनावटीची हवाइयन गिटार, आणि कलकत्त्याची शक्यता मोठी. गिटार बनवणारे तिथे बरेच होते. रिवाइंड करत नाही. गुणगुणीसाठी झाकणाला अर्थिंगची वायर जोडून बघतो, आत्ता ते कशालाच जोडलेलं नाही.

आता एकच विनंती. कुणाच्या घरी कलकत्त्याची जुनी इलेक्ट्रिक हवाइयन गिटार माळ्यावर पडली असेल, तर पिकअपचे दोन स्क्रू काढून खालच्या बाजूचा फोटो इथे टाका. पट्टीचा रंग, वायरीचं आवरण आणि सोल्डरचे डाग कुठे दिलेत ते दिसलं तरी पुरे. तारा आधी सैल करा, आणि कॉइलला हात लावू नका.