एन्क्रिप्टेड डिस्कवर डेबियन १३: पासवर्ड बरोबर असूनही ग्रब पुढे जात नाही

प्रश्न:
नमस्कार. डेबियन १३ ही लिनक्स प्रणाली बसवताना मी बूट फोल्डरही (प्रणाली सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचे) एन्क्रिप्शनच्या आतच ठेवले असून बाहेर फक्त ईएफआय पार्टिशन (मशीन सुरू होताना प्रथम वाचला जाणारा डिस्कचा भाग) आहे. लक्स२ कंटेनर (लिनक्सच्या लक्स२ पद्धतीने एन्क्रिप्ट केलेला डिस्कचा भाग) मी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल न करताच लिनक्स चालते) क्रिप्टसेटअप या आदेशाने स्वतः तयार केला होता. मशीन सुरू केल्यावर ग्रब (ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) पासवर्ड विचारते, पण तो नाकारून रेस्क्यू प्रॉम्प्टवर येऊन थांबते. लाइव्ह पेनड्राइव्हवरून मात्र त्याच पासवर्डने डिस्क उघडते. सर्व पुसून पुन्हा इन्स्टॉल करणे टाळता येईल का?

उत्तर १:
पुसण्याची गरज नाही. लक्स२ मध्ये पासवर्डपासून किल्ली तयार करण्यासाठी क्रिप्टसेटअप आपणहून आर्गॉन२ ही पद्धत निवडते. ती मुद्दामच भरपूर मेमरी वापरते, जेणेकरून पासवर्डचे अंदाज बांधत बसणाऱ्याला ते काम महागात पडावे. डेबियन १३ मधील ग्रब २.१२ ला लक्स२ वाचता येते, परंतु किल्ली पीबीकेडीएफ२ पद्धतीने तयार झालेली असेल तरच. लक्सडंप या आदेशाने तुमच्या कीस्लॉटची (कंटेनरमध्ये पासवर्डशी जोडलेली किल्ली जिथे असते त्या जागेची) पद्धत तपासून पाहा. तेथे आर्गॉन२ दिसल्यास प्रथम लक्सहेडरबॅकअपने हेडरची (कंटेनरच्या सुरुवातीच्या, किल्ल्या असलेल्या भागाची) प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा (ही पायरी कृपया गाळू नका) आणि मग लक्सकन्व्हर्टकी वापरून तो कीस्लॉट पीबीकेडीएफ२ वर आणा. मूळ डेटाला यात हात लागत नाही.

उत्तर २:
उपाय योग्य आहे, परंतु पीबीकेडीएफ२ ला फारशी मेमरी लागत नसल्याने ग्राफिक्स कार्डांच्या साहाय्याने होणाऱ्या हल्ल्यापुढे ते दुबळे ठरते; तेव्हा पासवर्ड चांगला लांब असावा. माझ्या मते बूटसाठी एन्क्रिप्शनबाहेर वेगळे पार्टिशन ठेवून आर्गॉन२ कायम ठेवणे अधिक बरे, आणि डेबियनच्या इन्स्टॉलरची मार्गदर्शित मांडणीही तशीच असते. शिवाय ग्रबच्या प्रॉम्प्टवर अमेरिकन कीबोर्ड गृहीत धरलेला असतो, म्हणून पासवर्डमध्ये साधी इंग्रजी अक्षरे व अंक असलेले चांगले.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. कीस्लॉट बदलल्यावर ग्रबचा मेनू आला. आता मात्र रूट डिव्हाइस (मुख्य प्रणाली असलेला डिस्कचा भाग) सापडत नसल्याचे सांगून मशीन इनिटरॅमएफएसच्या (सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या तात्पुरत्या प्रणालीच्या) प्रॉम्प्टवर थांबते.

उत्तर १:
ग्रबने उघडलेले कुलूप कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) उपयोगाचे नसते. त्याला डिस्क स्वतंत्रपणे उघडावी लागते, म्हणूनच अशा मांडणीत पासवर्ड दोनदा विचारला जातो. लाइव्ह पेनड्राइव्हवरून सीएचरूट करून (म्हणजे बसवलेल्या प्रणालीच्या आत शिरून) क्रिप्टटॅब ही एन्क्रिप्टेड डिस्कची यादी असलेली फाइल पाहा: तेथे कंटेनर ज्या पार्टिशनवर आहे त्याचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) हवा, आतील फाइलसिस्टिमचा नव्हे. कंटेनर हाताने केलेला असल्याने क्रिप्टसेटअप-इनिटरॅमएफएस हे पॅकेज बसलेच नसण्याची शक्यता आहे, तेही पाहून घ्या आणि शेवटी अपडेट-इनिटरॅमएफएस चालवून इनिटरॅमएफएस नव्याने बनवा.