बॉयलरवाल्याच्याही नोंदी

अ‍ॅना फ्रॉइड म्हणजे फक्त वडिलांची (मनोविश्लेषणवाले सिग्मंड फ्रॉइड) सावली, खुर्चीत बसून सिद्धांत मांडणारी बाई, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. ती लहान मुलांची मनोविश्लेषक झाली खरी, पण मुळात शाळामास्तरीण, डॉक्टरकी तिने कधी केलीच नाही. युद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना तिने आणि तिची सहकारी डोरोथी बर्लिंगहॅमने तिथल्याच हॅम्पस्टेड भागात घरापासून तुटलेल्या मुलांसाठी पाळणाघरं चालवली. १९४२ मध्ये मुलांचे चार-पाच जणांचे गट करून प्रत्येक गटाला एकच 'आई' नेमून दिली. झालं, लगेच रडारड, मत्सर, 'माझी बाई' म्हणून ओढाओढी! पण त्याच मुलांचं बोलणं आणि शी-शूच्या सवयी झपाट्याने सुधारल्या.

आता जेम्स रॉबर्टसनबद्दलही सांगतो. तो या पाळणाघरांत बॉयलर सांभाळायला आणि किरकोळ दुरुस्त्या करायला होता. मुलांविषयी जे दिसेल ते लिहून ठेवायचं हा अ‍ॅनाचा नियम सगळ्यांना होता, त्यालाही. पुढे १९५२ मध्ये त्यानेच इस्पितळात आईविना आठ दिवस राहिलेल्या लॉरा नावाच्या अडीच वर्षांच्या मुलीची फिल्म केली. पोर रडू दाबत बसते आणि घरी निघताना आईचा हात धरत नाही. (मला ती सलग बघवली नाही.) डॉक्टर मंडळी आधी भडकली, पण १९५९ च्या प्लॅट अहवालाने (इस्पितळातल्या मुलांविषयीचा ब्रिटिश सरकारी अहवाल) आईवडिलांना मुलांना कधीही भेटू द्या असंच सांगितलं.